बदकाला तळं नको, घर हवं

तळ्याच्या पायऱ्यांपाशी, माणसं बसतात तिथंच घुटमळणारं पांढरंशुभ्र बदक दिसलं, तर ते कुणीतरी आणून सोडलेलं आहे. यात शंका ठेवू नका. आपल्या पाण्यावरच्या रानबदकांत असं अंगभर पांढरं बदक नसतं. आपल्या आदिलाबादेतलं मावल्याचं तळं असो, सातनाल्याचं धरण असो, नाहीतर बेल्याकडचा एखादा गावतलाव असो. तिथलं मूळचं बदक म्हणजे हळदीकुंकू. तपकिरी, खवल्याखवल्यांच्या अंगाचं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके असलेलं. ते माणूस दिसला की लांब सरकतं. पांढरं बदक माणूस दिसला की जवळ येतं, कारण आजवर त्याला दाणा माणसाच्या हातूनच मिळालाय.

आणि त्याला तिथं सोडणारा घरी जाऊन पोरांना सांगतो, "तळ्यात सोडून आलोय. आता मजेत राहील."

नाही राहणार. ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापायी मुकी पाखरं मरतात. म्हणून आज सगळा राग या एकाच वाक्यावर काढणार आहे.

पाळीव बदक म्हणजे काय, ते आधी नीट बघा. पेकिन जातीचं पांढरं बदक साडेतीन-चार किलो भरतं. त्याचा मूळ पूर्वज म्हणजे मॅलार्ड, हिरव्या डोक्याचं रानबदक. ते एक-सव्वा किलोचं. माणसानं पिढ्यान् पिढ्या वजन वाढवत नेलं, पण ते वजन पेलतील असे पंख काही दिले नाहीत. रानबदक संकट आलं की पाण्यावरून सरळ हवेत उठतं. पेकिन पंख फडफडवतं आणि तिथंच राहतं. त्यात रंग पांढरा, म्हणजे अंधारातसुद्धा कुत्र्याला, कोल्ह्याला, रानमांजराला लांबून दिसणारा. तळं आटलं तर रानबदक दुसऱ्या तळ्यावर जातं. हे कुठं जाणार? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि गावतलावाचा चिखल होतो. त्या चिखलात उभ्या असलेल्या पाखराला कुठली मजा मिळणार आहे?

पिल्लांचं तर त्याहून वाईट. बदकाचं पिल्लू म्हटलं की पाण्यात टाकायचं, असं सगळ्यांना वाटतं. पण यंत्रात उबवलेलं, आईविना वाढलेलं पिल्लू जास्त वेळ पाण्यात राहिलं की भिजून गारठतं. रानातलं पिल्लू पाण्यातून निघून आईच्या पोटाखाली शिरतं, तिथं ऊब मिळते, लव कोरडी होते. बाजारातल्या पिल्लाला ही आई नसते.

बाजारातूनच तर हे सगळं सुरू होतं. जत्रेत, आठवडी बाजारात खोक्यात पिवळीधमक पिल्लं घेऊन माणूस बसतो. शेजारी गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं. पोरगं हट्ट करतं, बाप खिशात हात घालतो. सात आठवड्यांत ते पिल्लू तीन किलोच्या घरात जातं. मादी असेल तर पहाटेपासून कॅक कॅक करून गल्ली उठवते. विष्ठा पातळ, दिवसभर, जिथं उभं तिथं. फरशी धुऊन धुऊन घरची बाई वैतागते, शेजारी बोलायला लागतात, आणि मग एका संध्याकाळी पोतं, मोटरसायकल आणि तळं. अमेरिकेत ईस्टरच्या सणाला नेमकं हेच होतं. तिथल्या कित्येक राज्यांनी म्हणूनच रंगवलेली पिल्लं विकायला कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे 2018 च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जत्रेतल्या खोक्याला नोंदणी विचारणारा अधिकारी मला बघायचा आहे.

आता कायदा काय म्हणतो? 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 स्पष्ट आहे. उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा अवस्थेत एखाद्या प्राण्याला कारण नसताना सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव. बदक त्यात आलंच. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पन्नास रुपये 1960 साली काहीतरी होते. आज जत्रेत एका माणसाचा चहा-भजी त्यात होत नाही. ज्या संसदेनं भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावर मारणाऱ्याला, विष घालणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली, तिनं जनावर टाकून देणाऱ्याचा दंड पन्नास रुपयांवर का ठेवला, हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारायचा आहे. मतं मागायला येतील तेव्हा विचारा.

टाकलेल्या बदकानं स्वतः भोगायचं ते भोगलंच, पण नुकसान तिथं थांबत नाही. पाळीव बदक मॅलार्डचंच रक्त. ते रानबदकांशी जुळतं आणि मिश्र पिल्लं होतात. न्यूझीलंडमध्ये शिकारीच्या हौशीनं मॅलार्ड आणून सोडली गेली. त्यांच्या संकरात तिथलं मूळचं करडं बदक जवळजवळ विरघळून गेलं. हवाई बेटांवरच्या कोलोआ बदकाला आज सगळ्यात मोठा धोका शिकाऱ्याचा नाही, तिथं आणून सोडलेल्या मॅलार्डशी होणाऱ्या संकराचा आहे. आपलं हळदीकुंकू त्यांचंच जवळचं भाऊबंद. तेव्हा "एक बदक सोडलं तर काय बिघडलं" असं कुणी म्हणालं, तर त्याला ही दोन उदाहरणं दाखवा. लाल मांसल चेहऱ्याचं मस्कोव्ही बदक या गोतातलं नाही. ते दक्षिण अमेरिकेकडचं, त्याची मिश्र पिल्लं वांझ निघतात. पण हाल त्याचेही तेवढेच होतात.

बर्ड फ्लूचं तर आपल्याला सांगायला नको. भारतातला पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला झाला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या. केरळात आलप्पुळा-कुट्टनाडकडे तर बदकं पुन्हा पुन्हा मारावी लागली. यात बदक खास धोक्याचं अशासाठी, की ते विषाणू अंगात घेऊनही कित्येकदा धडधाकट दिसतं. तळ्यावर रानपाखरांत मिसळलेलं बदक कुणी दयेनं उचलून सरळ आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं, तर ती दया अख्ख्या गावाला महाग पडू शकते. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आपला आदिलाबाद जिल्हा बदकांचा नाही, हे मान्यच करू. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी. 2016 मध्ये एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा गोदावरीकाठ निर्मल आणि मंचेरियालकडे गेला. आपल्याकडे पैनगंगा राहिली. बदक भाताच्या मुलखातलं पाखरू. बंगाल, आसाम, केरळ, तमिळनाडू, आंध्र. कुट्टनाडात कापणी झालेल्या शेतांतून हजारो बदकांचे कळप एका काठीच्या इशाऱ्यावर फिरवणारे लोक आहेत. सांडलेला दाणा, गोगलगायी, किडे यांवर कळप पोसतात. 2019 च्या पशुगणनेत देशात तीन कोटींहून जास्त बदकं मोजली गेली. आपल्याकडे मात्र कोंबडीचं सगळं ज्ञान घराघरात आणि बदकाचं कुणाकडेच नाही. सरकारचंही तसंच. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं वनराजा, ग्रामप्रिया या कोंबड्या खेड्यापाड्यांत पोचवल्या. त्याचं बदकांवरचं काम भुवनेश्वरला चालतं. म्हणून आपल्याकडे बदकाचं काही बिघडलं की लोक कोंबडीचा उपाय करतात, आणि बदक मरतं.

तर काय करायचं?

पहिलं, तळ्यातलं बदक पकडायला पाण्यात उड्या मारू नका. त्यात माणसं बुडतात, आणि दमलेलं बदक तुमच्यापासून आणखी लांब जातं. रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी, एकाच जागी धान्य टाका. बदकं काठावर येऊन खायला लागली की दोन बाजूंना जाळी किंवा बांबूची तट्टी लावून वाट अरुंद करा आणि दोघा-तिघांनी मागून सावकाश चालत या. धावू नका. बदक कळपानं चालतं, हाकलं तर सरळ आत जातं. कुट्टनाडचे लोक हेच करतात. उचलताना पंखाला, पायाला, मानेला धरून लोंबकळवू नका, बदकाचे पाय नाजूक असतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखालून हात घालून छातीशी धरा. भोकं पाडलेलं खोकं किंवा झाकलेलं डालगं चालतं. पोतं चालत नाही.

दुसरं, तीन आठवडे वेगळं ठेवा. घरच्या कोंबड्यांपासून लांब, भांडी वेगळी, चपला वेगळ्या, हात धुऊन. आजारी दिसलं, मान वाकडी झाली, एकाएकी मेलं, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. तो क्रमांक गाय-बैलांपुरता आहे असं समजून गप्प बसू नका.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण चूक इथंच होते. तळ्यावर पाव, बिस्किट, मुरमुरे, फरसाण टाकणारे हात थांबले पाहिजेत. पावानं पोट भरतं आणि पोषण काही मिळत नाही, वाढत्या पिल्लांच्या पंखांची टोकं बाहेर वळून राहतात, उरलेला पाव पाण्यात कुजतो. तांदळाची कणी, भाताचा कोंडा, भरडलेली ज्वारी, हिरवा पाला, गोगलगायी, गांडुळं हे बदकाचं अन्न. बदकाला कोंबडीपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं की पिल्लांचे पाय वाकतात, चालताना लटपटतात. त्यावर पशुवैद्याकडून बी-कॉम्प्लेक्स घ्या.

आणि आपल्या भागासाठी तीन गोष्टी खास. घरोघरी बैलासाठी सरकीची पेंड असते. ती बदकाला घालू नका. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकानं पक्ष्यांचं नुकसान होतं, अंड्याचा बलकसुद्धा हिरवट पडतो. दुसरं, बुरशी आलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड. 1960 मध्ये इंग्लंडात अशाच बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीनं एक लाखावर टर्की पक्षी मेले. बदकाची पिल्लंही त्यात गेली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं, आणि पाळीव पक्ष्यांत बदक त्याला सगळ्यात लवकर बळी पडतं. पावसाळ्यात भिजलेला, वास येणारा दाणा 'बदकाला चालतो' म्हणून टाकू नका. तिसरं, फवारणी. 2017 मध्ये पैनगंगेपलीकडे यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ते आपण विसरलेलो नाही. ज्या औषधानं माणूस जातो, ते फवारलेल्या शेताच्या चरीतलं पाणी बदक दिवसभर चोचीनं गाळून पितं. फवारणीच्या दिवसांत बदकं बंद ठेवा.

पाण्याचं कोडंही सोडवून टाकू. बदक पाळायला तळं लागत नाही. डोकं, डोळे, नाकपुड्या बुडवून धुता येतील एवढं खोल पाणी रोज ताजं हवं. घमेल्यात ते होतं. पोहायला जमिनीत पुरलेलं जुनं टाकं असलं तर उत्तमच. कोरडं खाद्य घालताना शेजारी पाणी हवंच, नाहीतर घशात अडकतं. उन्हाळ्यात सावली आणि दुपारी बदललेलं गार पाणी. आपल्या उन्हात तेवढंच त्यांना तारतं. आणि रात्री बंद खुराडं. रानमांजर आत शिरलं तर एका रात्रीत सगळी बदकं मारून जातं, म्हणून जाळी बारीक हवी आणि खाली जमिनीतही गाडलेली हवी. सकाळी उशिरा सोडलंत तर आणखी फायदा. बदकं अंडी पहाटे घालतात, बहुतेक नऊच्या आत. म्हणजे अंडी खुराड्यातच सापडतील, झुडपात शोधत हिंडायला नको. खाकी कॅम्पबेलसारख्या अंड्याच्या जाती आणि पेकिन फारशा खुडूक बसत नाहीत. पिल्लं हवीच असतील तर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवतात. कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांनी निघतं, बदकाचं अठ्ठावीस दिवसांनी. पण मला विचाराल तर जिथं आधीच टाकलेल्या बदकांना घर मिळत नाही, तिथं नवी पिल्लं काढू नका. अंडी खा.

द्यायचं कुणाला? शेततळं आहे, मळा आहे, राखणीला माणूस आहे अशा शेतकऱ्याला. त्याचा स्वार्थही यात आहे, आणि मला तो स्वार्थ आवडतो, कारण ज्याचा उपयोग होतो त्याची निगा राखली जाते. बदक पाणथळीतल्या गोगलगायी खातं. बैल-म्हशींच्या यकृतात जाणारी कीड याच गोगलगायींतून वाढते. मत्स्यतळ्यावर हेक्टरी दोनशे-तीनशे बदकं चालतात, म्हणजे गुंठ्याला दोन-तीन. त्यांच्या विष्ठेनं माशांचं खाद्य वाढतं. फक्त मत्स्यबीज बोटाएवढं होईपर्यंत बदकं लांब ठेवावी लागतात, नाहीतर बीज खाऊन टाकतात. गावतलावात न विचारता बदकं सोडणाऱ्यावर मासेमारी सोसायटीचे लोक चिडतात, ते यासाठीच, आणि त्यांचं बरोबर आहे. तलावातले मासे हेच त्यांचं पोट आहे. भाताचा शेतकरी हवा असेल तर निर्मल, मंचेरियाल लांब नाही.

देताना तोंडावर विचारा. कापायला हवं की पाळायला? मांस खाणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण "पोरांसाठी हवं" म्हणून नेऊन रविवारी शिजवणं ही फसवणूक आहे. म्हणून फुकट देऊ नका, थोडे पैसे घ्या आणि महिन्यानं जाऊन बघा. एकटं बदकही देऊ नका. हे पाखरू कळपातलं. एकटं पडलं की ओरडत राहतं, खाणं टाकतं, आणि तो कंटाळलेला माणूस पुन्हा त्याच तळ्यावर येतो.

सरकारकडे मागायचं तेही मागू. 2001 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्रूरता प्रतिबंधक सोसायटी हवी आणि तिच्या निवाऱ्यासाठी, दवाखान्यासाठी राज्यानं जागा द्यायला हवी. आपल्या जिल्ह्याची सोसायटी कोणत्या खोलीत बसते, निवारा कुठं आहे, त्यात पाखरांना जागा आहे का, हे प्रजावाणीच्या, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या दिवशी कलेक्टर कचेरीत लेखी विचारा. तळ्याकाठी पाटी लावायची तर तेलुगूबरोबर मराठीतही लावा. जैनथ, बेला, तामसीकडचा माणूस ती वाचेल. पाटीवर "पक्ष्यांना खाऊ घालू नका" एवढंच लिहून भागणार नाही. बदक सांभाळणं जमत नसेल तर कुणाला फोन करायचा, तो क्रमांक हवा. लाज न वाटता परत करायची सोय असेल, तर माणूस रात्री पोतं घेऊन येणार नाही.

शेवटचा प्रश्न नरांचा. शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस असेल आणि आवाज बसलेला, घोगरा असेल तर तो नर. अंडी देत नाही, म्हणून त्याला कुणी घेत नाही; टाकलेल्यांतही त्याची संख्या मोठी असते. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. जास्त झाले तर माद्यांच्या मानेची पिसं उपटून त्यांना जखमी करतात, कधी पाण्यात बुडवून मारतात. पण मादी जवळ नसेल तर चार नर एकत्र अगदी गुण्यागोविंदानं राहतात, ओरडतही नाहीत. गोगलगायी तेवढ्याच खातात. ज्यांच्या मळ्यात पाणी आहे, रात्री बंद करायला जागा आहे आणि अंड्यांची आशा नाही, त्यांनी नर मागून न्यावेत.